अध्ययनशैलीचे थोतांड आणि मराठी शाळेतला शेवटचा बाक

सध्या शिक्षणाच्या बाजारात 'अध्ययनशैली' या शब्दाला विलक्षण बरकत आली आहे. कोणत्याही नव्या खाजगी शाळेचे माहितीपत्रक उघडावे, तर पहिल्याच पानावर ग्वाही मिळते की येथे प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली ओळखून तदनुरूप अध्यापन केले जाते. पालकसभेत एखादे तज्ज्ञ गृहस्थ पडद्यावर रंगीत वर्तुळे दाखवतात. अमुक मूल 'दृक्', तमुक 'श्राव्य', तिसरे हालचालीतून शिकणारे. आईवडील घरी परततात ते आपले चिरंजीव कोणत्या वर्तुळात बसतात याची चिंता घेऊनच. याच्याही पुढची पायरी आता निघाली आहे. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी कोणत्या जातीची हे सांगणारा अहवाल सुबक बांधणीत, काही हजार रुपयांना मिळतो. आमच्या स्नेह्यांपैकी एका सुविद्य घरात असा अहवाल देवघरातल्या जन्मपत्रिकेशेजारी ठेवलेला आम्ही पाहिला. दोन्ही एका जागी ठेवण्यात त्या घराने नकळत उत्तम वर्गीकरण साधले होते.

आमचे मत आरंभीच स्पष्ट सांगतो. मुलामुलांत फरक असतो आणि शिक्षकाने तो ओळखून शिकवले पाहिजे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो कोणता फरक ओळखायचा याविषयी. ज्याला शैली म्हणतात तो फरक बहुतांशी काल्पनिक आहे. आणि जो फरक खरा आहे, ज्यापायी मुले शाळेतून गळतात, त्याकडे पाहण्यास या काल्पनिक फरकाच्या गाजावाजात कुणाला सवड उरलेली नाही. सुरतेतल्या मराठी शाळांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या दाराशी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

शैलीवाद्यांच्या शास्त्राची पुंजी तरी किती, ते आधी पाहू. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली चार कप्प्यांची वर्गवारी (पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे आणि प्रत्यक्ष कृती) सर्वाधिक लोकप्रिय झाली. पण ती एकटी नव्हे. २००४ साली फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडात या विषयाचा आढावा घेतला, तेव्हा अशा तब्बल ७१ वर्गवाऱ्या त्यांच्या हाती लागल्या. एकाच मुलाची ७१ प्रकारांनी वाटणी करता येते, हे शास्त्रापेक्षा दुकानदारीचे लक्षण अधिक. पुढे २००८ मध्ये हॅरल्ड पॅश्लर आणि अन्य तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक साधाच प्रश्न विचारला. 'दृक्' ठरलेल्या मुलांपैकी निम्म्यांना चित्रांनी आणि निम्म्यांना केवळ बोलून शिकवा; 'श्राव्य' मुलांचेही तसेच करा; मग सर्वांची एकच परीक्षा घ्या. शैलीचा सिद्धान्त खरा असेल तर दृक् मुले चित्रांनी आणि श्राव्य मुले बोलण्याने अधिक शिकलेली दिसली पाहिजेत. असा प्रयोग काटेकोरपणे करून सिद्धान्ताला पुरेसा आधार देणारा पुरावा त्यांना आढळला नाही. यानंतर चार वर्षांनी, २०१२ मध्ये, इंग्लंड व हॉलंडमधील शिक्षकांना विचारले तेव्हा अनुक्रमे ९३ आणि ९६ टक्के शिक्षकांचा शैलीवर विश्वास कायम होता. काही मंडळी हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३ मधील बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धान्ताची ढाल पुढे करतात. खुद्द गार्डनर यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे लिहून टाकले आहे की बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययनशैली नव्हे.

वस्तुतः याला प्रयोगांचीही गरज पडू नये. मुलताईहून निघालेली तापी भुसावळवरून वाहत येऊन सुरतेपाशी समुद्राला मिळते, हे नकाशावर बोट फिरवूनच कळते, मूल दृक् असो वा श्राव्य. कवितेची चाल कानानेच येते. अपूर्णांक भाकरीचे तुकडे करून आधी समजतात आणि मग वहीत उतरतात. जुन्या काळचा कोणताही बरा शिक्षक फळा, आवाज आणि हात ही तिन्ही साधने सर्व मुलांसाठी वापरी. विषयाला अनुरूप साधन, हा त्याचा नियम होता. मुलाच्या कपाळी शिक्का मारणे हा नव्हे.

मग हे थोतांड टिकते कसे? आम्ही राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य काढले. कोणतीही योजना समोर आली की तिचा लेखाशीर्ष आधी पाहण्याची सवय जडली आहे. अध्ययनशैलीची कार्यशाळा एका दिवसात आटोपते. चहापान, एक वक्ता, प्रमाणपत्रे, छायाचित्र. याउलट विशेष शिक्षकाचे एक पद मंजूर करायचे म्हणजे तीस वर्षांचा पगार आणि नंतरचे निवृत्तीलाभ. ज्या मुलाला कमी दिसते त्याला चष्मा लागतो, ज्याला कमी ऐकू येते त्याला श्रवणयंत्र आणि त्याच्या सेलसाठी दरमहा पैसे. ज्याला अक्षरे लागत नाहीत त्याला रोज अर्धा तास, वर्षानुवर्षे, एक शिकलेले माणूस लागते. शैलीला यातले काहीच लागत नाही. मुलामध्ये फरक मान्य केल्याचे पुण्य तर पदरी पडते आणि खर्च शून्य. याहून सोयीचा सिद्धान्त कोणत्या संस्थाचालकाने अथवा वित्तखात्याने मागावा?

आता आपल्या शहराकडे वळू. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीखेरीज हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांच्याही शाळा चालवते. ही गोष्ट भूषणावह आहे आणि महाराष्ट्रातील कित्येकांना ती ठाऊक नसते. मराठी शाळांत आज कोण बसते? गायकवाडांच्या नोकरीत, रेल्वेत किंवा कोर्टकचेरीत पिढ्यांमागे येथे आलेल्या घरांची मुले तेथे नाहीत. ती केव्हाच इंग्रजी शाळांत गेली. तेथे बसतात ती लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा येथील मुले, ज्यांचे आईबाप ताप्ती लाइनच्या गाडीने धुळे, नंदुरबार, जळगावहून यंत्रमागांवर, बाजारात आणि साड्यांच्या कामावर आले. या मुलांच्या घरी बोलली जाते ती अहिराणी. आपल्या कानांना ती 'अशुद्ध मराठी' वाटते. भारताची जनगणना मात्र 'खानदेशी' ही मराठीहून निराळी भाषा म्हणून मोजते आणि २०११ मध्ये तिचे भाषक १८ लाखांहून अधिक होते.

सहा वर्षांचे असे मूल पहिलीत येते तेव्हा काय घडते, याची कल्पना करावी. घरी 'शे', पुस्तकात 'आहे', रस्त्यावर 'छे'. (अहिराणीचे 'शे' आपल्या 'आहे'पेक्षा गुजरातीच्या 'छे'ला जवळचे आहे, हा भाषाभ्यासकांनी रमावा असा विषय, असो.) बाजारात हिंदी, थोड्याच दिवसांत इंग्रजी, आणि २०२३ च्या राज्य कायद्यान्वये पहिली ते आठवी गुजराती हा विषय सर्व शाळांना सक्तीचा. बाई विचारतात, "समजलं का?" मूल म्हणते, "माले समजस नही." बाई त्याला दुरुस्त करतात, 'समजस' नव्हे, 'समजत'; 'माले' नव्हे, 'मला'. वर्ग हसतो. क्रियापद सुधारले जाते आणि धडा पुढे सरकतो. मुलाने सांगितलेली मूळ गोष्ट, की त्याला समजलेले नाही, ती तशीच राहते. हा दोष एखाद्या बाईंचा नाही; त्यांना अध्यापनविद्यालयात शैलीची वर्तुळे शिकवली गेली असतील, अहिराणीचे दोन शब्द कुणी शिकवलेले नसतात. या मुलाची 'विशेष गरज' कोणती? पहिल्या दोन वर्षांत त्याच्या घरची भाषा ज्याला कळते असा माणूस वर्गात असणे, एवढीच.

पण भाषेचा फरक आणि अक्षमतेचा फरक एक नव्हेत. त्यांची गल्लत झाली की दोन्हीकडे अन्याय होतो. गुजराती लिपीला शिरोरेघ नसते. दुकानांच्या पाट्या वाचत वाढलेले मूल मराठी लिहिताना शिरोरेघ सोडून देते. गुजराती पाचाचा आकडा शिरोरेघ नसलेल्या 'प'सारखा दिसतो. मुलाच्या वहीत 'प' आणि पाच यांची सरमिसळ होते. हा आजार नाही, दोन लिप्यांच्या सीमेवर राहण्याची ती खूण आहे आणि चार महिन्यांच्या सरावाने ती जाते. याउलट चौथीत आलेल्या मुलाला 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' अजूनही वेगळे दिसत नसतील, वेलांटी कधी अलीकडे कधी पलीकडे पडत असेल, जोडाक्षर आले की वाचन थांबत असेल, आणि तेच मूल तोंडी हिशेबात बापाची मजुरी चोख सांगत असेल, तर ती वाचन-अक्षमता असू शकते. सरावाच्या चार वह्या आणखी दिल्याने ती हटत नाही. आपल्याकडे अशा मुलाला एका अक्षराची पदवी मिळते: 'ढ'. म्हणतात की ब्राह्मी लिपीपासून आजवर जे अक्षर जवळजवळ बदलले नाही ते 'ढ', म्हणून न सुधारणाऱ्या मुलालाही तेच नाव.

हा फरक कसा ओळखावा, याचे मार्गदर्शन उपलब्ध आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने राजपत्रात प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत, अथवा मूल आठ वर्षांचे होताच, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करावयाची आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' नावाची चाचणी २०१५ मध्ये हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आली. म्हणजे सुरतेतल्या मराठी माध्यमाच्या मुलाची तपासणी परक्या भाषेत करून त्याला अक्षम ठरवण्याचे कारण उरलेले नाही. महाराष्ट्रात तर १९९६ पासून अशा मुलांना शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या. डिसेंबर २००७ मध्ये 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला आणि आपल्यापैकी किती जण चित्रपटगृहातून डोळे पुसत बाहेर पडले! त्या रडण्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न आम्ही येथेच सोडतो.

आमच्या परिचयातील एका मुलाची हकिगत सांगतो. शाळेचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. मुलगा तिसरीत, बाप उधन्याला यंत्रमागावर. मुलगा शेवटच्या बाकावर बसे, हाक मारली तर ओ देत नसे, प्रश्न एक नि उत्तर भलतेच. शाळेत एका उत्साही तरुण शिक्षिकेने कार्यशाळेतून आणलेली अध्ययनशैलीची प्रश्नावली वर्गाला लावली. त्या बाईंचा हेतू शुद्धच होता. मुलगा 'दृक्' गटात बसला, कारण शिकवताना तो बाईंच्या चेहऱ्याकडे टक लावून पाही. त्यानुसार त्याला चित्रांचे तक्ते देण्यात आले. पुढे सरकारी रुग्णालयात कानांची तपासणी झाली तेव्हा कळले की लहानपणापासून वाहणाऱ्या कानांमुळे दोन्ही बाजूंनी त्याला फार कमी ऐकू येत होते. चेहऱ्याकडे तो पाहत होता ते ओठ वाचण्यासाठी. ज्याला ऐकू येत नाही त्याला 'दृक्-शैलीचा विद्यार्थी' ठरवणारे हे शास्त्र! उपाय काय झाला? औषध, पहिला बाक, आणि फळ्याकडे तोंड करून बोलायचे नाही एवढी बाईंना सूचना. तोच मुलगा आज पाढे म्हणतो.

अशी मुले कागदावर का दिसत नाहीत, तेही सांगितले पाहिजे. सेवेत असताना एका तालुक्याची शाळानिहाय माहितीपत्रके आमच्या टेबलावरून गेली. 'विशेष गरजा असलेली मुले' या रकान्यात ओळीने एकच शब्द होता: निरंक. पन्नासहून अधिक शाळा, आणि एकाही मुलाला कमी दिसत नाही, कमी ऐकू येत नाही, एकाचेही वाचन अडत नाही! असा आरोग्यसंपन्न तालुका पृथ्वीतलावर दुसरा नसेल. त्यामागचे कारण प्रत्येक कारकुनाला ठाऊक असते. रकाना भरला की त्यापुढचे सहा रकाने भरावे लागतात. निरंक लिहिले की पत्रक पूर्ण होते. आणि पद मागताना वरून उत्तर येते की गरजू मुले नाहीत, मग पद कशाला?

कायद्याच्या बाजूने आता कमतरता नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ते २१ झाले आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता त्यांत नावानिशी आली. तिचा लवकरात लवकर शोध घेऊन शिकवण्याची पद्धत बदलण्याची जबाबदारी कलम १६ ने शिक्षणसंस्थांवर टाकली आहे. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण घालून दिले: प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक, त्यापुढे पंधरांमागे एक. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा फर्मवावे लागले की मंजूर पदांची संख्या अधिसूचित करा. 'पुन्हा' या शब्दातच सर्व काही आले.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो सभ्य शिक्षकांकडूनच येतो: एका वर्गात चाळीस-पन्नास मुले, प्रत्येकासाठी निराळे शिकवायचे तरी कसे? आक्षेप शैलीवाद्यांना अगदी लागू आहे, आम्हाला नाही. खऱ्या फरकांसाठी पन्नास पाठ करावे लागत नाहीत. एकच पाठ, अक्षरे फळ्यावर मोठी, सूचना तोंडी आणि लेखी दोन्ही, कमी ऐकणारा पुढे, न वाचू शकणाऱ्याची परीक्षा तोंडी, हळू लिहिणाऱ्याला थोडा वेळ अधिक. यातले निम्मे बदल उरलेल्या मुलांच्याही हिताचेच असतात. बाकीचे काम वर्गशिक्षकाचे नाही, विशेष शिक्षकाचे आहे, म्हणून तर पद हवे. आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गासाठी एका शिक्षकामागे ३० मुलांचे प्रमाण ठरवले आहे. पन्नासाचा वर्ग हा युक्तिवाद नव्हे, ती स्वतंत्र तक्रार आहे.

मुलाप्रमाणे शाळा वाकवणे हे परदेशी खूळ आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी मुंबईकडे जाताना उंबरगाव ओलांडल्यावर घोलवडला उतरून कोसबाडची टेकडी पाहून यावी. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या. तेथून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. एक मराठी बाई आणि एक गुजराती वकील, जो वकिली सोडून 'मूछाळी मा' झाला. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला, आणि नंतर कोसबाडला, ताराबाई व अनुताई वाघ यांच्यासमोर वारली मुले होती. ती शाळेत येत नसत. का येत नाहीत, हे त्या दोघींनी घरोघर जाऊन पाहिले. कुणाच्या कडेवर धाकटे भावंड, तर कुणापुढे राखणीची गुरे. मग कडेवरच्या भावंडासाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका छपराखाली आणून 'विकासवाडी' झाली. अंगणात अंगणवाडी भरली. आणि गुराख्यांसाठी शाळाच कुरणात गेली, तिचे नाव कुरणशाळा. मुलांना शैलीची प्रश्नावली त्यांनी वाटली नाही. अडचण कोठे आहे ते पाहून शाळेची जागा, वेळ आणि बोली बदलली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपणही अभिमानाने माना उंचावल्याच होत्या.

सुज्ञ वाचकांना शेवटी थोडे बोचेल असे सांगतो. आपल्या मंडळात बहिणाबाई चौधरींच्या कवितेवर व्याख्यान ठेवले की सभागृह भरते. असोद्याची ती बाई निरक्षर होती, तिची बोली खानदेशातली होती, आणि तिचे शब्द लेकाने टिपून ठेवले म्हणून १९५२ मध्ये ते पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आले. व्याख्यानानंतर आपण तिच्या बोलीचे गोडवे गातो. तिच्या भागातल्या बाईचे मूल लिंबायतच्या वर्गात त्याच मुलुखातल्या बोलीत उत्तर देते तेव्हा ती बोली अशुद्ध कशी होते? 'ते लोक नंतर आलेले', हे वाक्य आपल्या बैठकांत आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा आता उबग येतो. दादोबा पांडुरंग तर्खडकर मराठीचे व्याकरण लिहिल्यावर याच सुरतेत सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्म सभा काढताना त्यांनी कोण आधी आले याचा हिशेब मांडल्याचे ऐकिवात नाही. आणि विशेष गरजेचे मूल फक्त त्यांच्याच घरी असते असेही नाही. आपल्या घरांतही ते असते. भावंडांची लग्ने व्हायची म्हणून पाहुण्यांसमोर येत नाही, एवढाच फरक.

आपण काय करू शकतो? मराठी शाळांतील मुले मतदारांची आहेत, पण निवेदन लिहून त्याचा पाठपुरावा करणारी माणसे त्यांच्या घरी नाहीत. ती आपल्या घरी आहेत, आणि बहुतेक निवृत्त आहेत. मागणी तीन गोष्टींची असावी. मराठी माध्यमाच्या प्रत्येक शाळेत तिसरीची चाळणी मराठीतून व्हावी आणि तिचा निकाल पालकांना लेखी मिळावा. न्यायालयाने ठरवलेल्या प्रमाणात मराठी जाणणारे विशेष शिक्षक नेमावेत. आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत अहिराणी बोलणारी, वस्तीतलीच एखादी शिकलेली महिला मदतनीस म्हणून घ्यावी. पहिल्या दोन मागण्या कायद्यातल्याच आहेत. तिसरीसाठी भांडावे लागेल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात घरच्या भाषेतून शिक्षणाचा पुरस्कार आहे, त्याचा आधार घेता येईल.

निवेदनापूर्वी आकडे हाती हवेत: मराठी माध्यमाचे वर्ग किती, त्यांत तपासलेली मुले किती, विशेष शिक्षकांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज एकाच नागरिकाच्या नावाने करणे सोयीचे, तो आम्ही आमच्या नावाने करीत आहोत. उत्तरासाठी कायद्याने तीस दिवस आहेत. निवेदनाचा मसुदा गुजरातीत तयार आहे. मंडळाच्या पुढील सभेच्या दिवशी तो कार्यालयातील टेबलावर ठेवू. त्यावर सह्या हव्यात, आणि शक्यतो ज्यांची नातवंडे इंग्रजी शाळेत आहेत त्यांच्या आधी.